छत ज्याचे, अनुदान त्याचे? सौर-पवन ऊर्जेची सबसिडी आणि जळगाव-धुळ्यातील आपले वीजबिल

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या घरात कूलर ही चैन राहत नाही. लहान मूल किंवा म्हातारे माणूस घरात असेल तर तो रात्रंदिवस चालतो. जूनमध्ये त्याचे बिल हाती पडते आणि घरात वाद सुरू होतो. याच दिवसांत मोबाइलवर ‘मोफत वीज’, ‘घरावर सौर बसवा, बिल शून्य करा’ अशा जाहिराती येत असतात. वस्तीतले कार्यकर्ते आम्हाला नेहमी दोन प्रश्न विचारतात. सरकार सौर आणि पवन ऊर्जेवर एवढी सबसिडी देते, मग आमचे बिल का कमी होत नाही? आणि ही सबसिडी शेवटी भरते कोण? या लेखात आम्ही जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या अनुभवावरून याचे उत्तर मांडत आहोत. तरुणांनी हा लेख आपले बिल समोर ठेवून वाचावा.

आधी बिल वाचू या

महावितरणचे घरगुती बिल टप्प्यांचे असते. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग आणि ५०० च्या पुढे सर्वांत महाग. दर वेळोवेळी बदलतात, पण टप्प्यांची ही रचना कायम आहे. हिशेबासाठी आम्ही २०२४-२५ चे दर घेतो. त्या वर्षी पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे, दुसऱ्या टप्प्याला १० रुपये २९ पैसे, तिसऱ्याला १४ रुपये ५५ पैसे आणि चौथ्याला १६ रुपये ६४ पैसे होता. त्यावर प्रत्येक युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार दर महिन्याला वेगळा असतो, तो इथे धरलेला नाही.

या दराने १०० युनिटांचे बिल साधारण ८३१ रुपये होते. कूलरमुळे तेच घर १५० युनिटांवर गेले की बिल १,४९५ रुपये. वापर दीडपट झाला, बिल मात्र पावणेदोन पटीहून जास्त वाढले, कारण वरची ५० युनिटे दुप्पट दराच्या टप्प्यात पडली. उन्हाळ्यातले बिल ‘चुकून जास्त आले’ असे वाटते, त्यातले बरेचसे या टप्प्याचे काम असते. मीटर सदोष नसतोच असे नाही, पण आधी टप्पा तपासावा.

हे टप्पे का ठेवले? कारण आपल्या राज्यात एका ग्राहकाची वीज दुसऱ्या ग्राहकाच्या पैशाने स्वस्त केली जाते. कारखाने, दुकाने आणि जास्त वीज वापरणारी घरे सरासरी खर्चापेक्षा जास्त दर भरतात. कमी वापराची घरे आणि शेतीपंप कमी दर भरतात. याला ‘क्रॉस सबसिडी’ म्हणतात. सरकारच्या अर्थसंकल्पात तिचा पैसा दिसत नाही, तो बिलातूनच एका हातातून दुसऱ्या हातात जातो. १०० युनिटांच्या आत राहणारे आपले घर आज ज्या दरात वीज वापरते, त्या दराला हा आधार आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा प्रश्न इथेच अडतो.

साक्रीच्या पवनचक्क्या आणि महाग करार

नवीकरणीय ऊर्जेची सबसिडी म्हणजे फक्त छतावरच्या पॅनेलचे अनुदान नव्हे. खान्देशात तिची सुरुवात पवनचक्क्यांपासून झाली. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरातल्या पठारावर दिसणाऱ्या पवनचक्क्या देशातल्या मोठ्या पवन प्रकल्पांपैकी आहेत. त्यांची क्षमता ५०० मेगावॉटच्या वर आहे.

अशा प्रकल्पांना दोन प्रकारे मदत झाली. पहिली करांतून. पवनचक्कीत पैसा घालणाऱ्या कंपनीला पहिल्याच वर्षी तिच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत घसारा दाखवता येत असे, म्हणजे तेवढ्या नफ्यावरचा कर वाचे. २०१७ पासून हे प्रमाण ४० टक्क्यांवर आले. दुसरी मदत दरातून. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २४ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात नव्या पवन प्रकल्पांसाठी पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ असा १३ वर्षांचा दर ठरवला. तेराव्या वर्षी तो ५ रुपये ३० पैसे होतो. हा दर मंडळाने, आणि ६ जून २००५ ला मंडळाचे विभाजन झाल्यावर महावितरणने, दिला. महावितरणने तो वीज खरेदीच्या एकूण खर्चात धरला आणि तो खर्च सर्व ग्राहकांच्या दरात आला. करसवलत गुंतवणूकदाराला मिळाली आणि दराचा वाटा रावेरच्या केळीबागेत काम करणाऱ्या मजुराच्या बिलातही शिरला. बिलावर ‘पवन ऊर्जा’ अशी वेगळी ओळ नसते, म्हणून तो दिसत नाही.

सौर ऊर्जेचेही तसेच झाले. २०१० साली राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले तेव्हा केंद्रीय आयोगाने सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे धरला होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. म्हणजे सुरुवातीच्या महाग वर्षांचा खर्च सगळ्यांनी उचलला म्हणून आज सौर वीज कोळशापेक्षा स्वस्त मिळते. ‘सौर-पवनमुळेच वीज महागली’ असे जे म्हणतात त्यांना आम्ही एवढेच सांगू की कोळशाचा खर्च, वहनातली गळती आणि थकबाकी हे बिलातले मोठे भार आहेत. पण सुरुवातीचे ओझे सगळ्यांनी वाहिले असेल, तर स्वस्ताईचा वाटाही सगळ्यांना मिळाला पाहिजे.

जर्मनीचा दाखला इथे उपयोगी आहे. साक्री तालुक्यातच शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे कर्ज मिळाले. त्या जर्मनीत २००० सालच्या कायद्याने सौर-पवनचा जादा खर्च प्रत्येक घराच्या बिलात ‘अधिभार’ म्हणून घातला गेला. २०१७ मध्ये तो युनिटला ६.८८ सेंट झाला. जास्त वीज लागणाऱ्या मोठ्या उद्योगांना त्यात मोठी सूट होती, भाड्याच्या घरातल्या कामगाराला नव्हती. यावर तिथे वर्षानुवर्षे वाद झाला आणि १ जुलै २०२२ पासून हा अधिभार बिलातून काढून सरकारी तिजोरीवर टाकला गेला. तिथे बिलावर आकडा छापलेला होता म्हणून लोकांना भांडता आले. आपल्याकडे तो आकडा एकूण दरात विरघळलेला असतो.

आताचे अनुदान छताला चिकटलेले आहे

१३ फेब्रुवारी २०२४ ला ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ जाहीर झाली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये असा तिचा आकार आहे. एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. हा पैसा केंद्राच्या तिजोरीतून येतो, म्हणजे करातून. साबणावर आणि तेलावर जीएसटी भरणारा सालदारही त्यात भर घालतो.

आता हिशेब करू. एक किलोवॉटचे पॅनेल आपल्याकडे महिन्याला सरासरी १२० युनिट देते असे धरतात. (मे महिन्यात ऊन भरपूर असले तरी पॅनेल तापल्यामुळे उत्पादन थोडे घटते. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हा विक्रेत्यांचा दावा अर्धाच खरा आहे.)

पहिले घर महिन्याला ६० युनिट वापरणारे. बिल सुमारे ५५८ रुपये. एक किलोवॉट बसवल्यावर स्थिर आकार आणि शुल्क मिळून १४८ रुपये उरतात. बचत ४१० रुपये. दुसरे घर ४०० युनिट वापरणारे, दोन एसीचे. बिल सुमारे ५,३१३ रुपये. तीन किलोवॉट बसवले की महिन्याला ३६० युनिट तयार होतात, ४० युनिटांचे बिल उरते, सुमारे ४२१ रुपये. बचत ४,८९० रुपयांच्या घरात.

पहिल्या घराला केंद्राचे अनुदान ३० हजार, दुसऱ्याला ७८ हजार. पहिल्या घराने वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे सुमारे ७ रुपये वाचले, दुसऱ्याचे साडेतेरा रुपये. म्हणजे ज्याचा वापर जास्त आणि छत मोठे, त्याला अनुदानही जास्त आणि प्रत्येक युनिटची बचतही जास्त. त्या दुसऱ्या घराने काही गैर केलेले नाही. कायद्याने दिलेली सोय त्याने घेतली. दोष योजनेच्या आखणीत आहे.

याच्या पुढची पायरी फारशी कोणी सांगत नाही. ते ४०० युनिटांचे घर कालपर्यंत वरच्या टप्प्याचे जादा पैसे भरत होते आणि त्यातून खालच्या टप्प्याला आधार मिळत होता. आता ते घर जवळजवळ बाहेर पडले. पण खांब, तारा, रोहित्रे, कर्मचारी आणि कर्जाचे व्याज हा महावितरणचा खर्च तसाच राहतो. उलट ते घर दिवसा वीज तारेत सोडते आणि रात्री परत घेते, तेव्हा तार त्यालाही लागते. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रासारखे कोळशाचे संचच चालवावे लागतात. मोठे कारखानेही स्वतःचे सौर प्रकल्प आणि खुल्या प्रवेशाची वीज घेऊ लागले आहेत. खर्च तेवढाच आणि भरणारे कमी झाले की तूट पुढच्या दर प्रस्तावात येते. तो प्रस्ताव मंजूर झाला तर ज्यांच्याकडे छत नाही त्यांच्यावर जास्त भार पडतो.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सौर वीज स्वस्त असल्यामुळे महावितरणची खरेदी स्वस्त होते आणि दर खाली आणायला जागा मिळते. शेतीपंपांसाठी दिवसा स्वस्त सौर वीज मिळाली तर क्रॉस सबसिडीचे ओझेही हलके होते. २०२५ च्या दर आदेशांत दिवसा ९ ते ५ या वेळेत वीज वापरणाऱ्या घरांना युनिटमागे सवलत देण्याची सुरुवात झाली, ती याच कारणाने. पण त्यासाठी वेळेनुसार नोंद करणारा मीटर हवा आणि दिवसा घरी वीज वापरणारे कोणी हवे. सकाळी सातला एमआयडीसीच्या डाळमिलमध्ये किंवा चटई कारखान्यात जाणाऱ्या कुटुंबाच्या घरात दिवसा पंखासुद्धा बंद असतो.

आपल्या वस्तीत छत कोणाचे आहे?

खान्देशात आपली घरे चार तऱ्हेची आहेत. गावातली जुनी धाब्याची घरे, पत्र्याची घरे, घरकुलाची पक्की घरे आणि शहरातल्या भाड्याच्या खोल्या. धाब्यावर पॅनेलचे वजन आणि वाऱ्याचा ताण सोसत नाही. पत्र्यावर बसवता येते, पण खालचा सांगाडा मजबूत लागतो आणि त्याचा खर्च वेगळा. भाड्याच्या खोलीत छतही मालकाचे आणि मीटरही मालकाचा. भाडेकरू सबमीटरवर मालक सांगेल त्या दराने पैसे देतो, त्याला १०० युनिटांचा स्वस्त टप्पाही नीट मिळत नाही.

राहिले घरकुल. रमाई आवास योजनेतले घर २६९ चौरस फुटांचे असते. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. म्हणजे रमाई घरकुलाच्या स्लॅबवर एक किलोवॉट आरामात बसते. जिथे आपल्याला खरोखर लाभ मिळू शकतो ती जागा हीच, आणि कार्यकर्त्यांनी आधी इथे लक्ष घालावे असे आमचे मत आहे.

त्यासाठी राज्य सरकारची ‘स्मार्ट’ योजना माहीत हवी. पूर्ण नाव ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप’. महिन्याला १०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरांसाठी २०२५-२६ आणि २०२६-२७ या दोन वर्षांकरिता ६५५ कोटी रुपयांची तरतूद झाली. लक्ष्य पाच लाख घरे, त्यातली दीड लाखाहून अधिक दारिद्र्यरेषेखालची. एक किलोवॉटची किंमत सुमारे ५० हजार धरली आहे. केंद्र ३० हजार देते. वरच्या २० हजारांत दारिद्र्यरेषेखालील घराला राज्य साडेसतरा हजार देते आणि घराने अडीच हजार भरायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या घराला राज्याचे १५ हजार, स्वतःचे पाच हजार. इतरांना राज्याचे १० हजार, स्वतःचे दहा हजार. वरच्या उदाहरणातले ६० युनिटांचे घर पाच हजार भरेल, तर साधारण एका वर्षात ते वसूल होते. अर्ज करण्याआधी योजना चालू आहे का आणि आपल्या जिल्ह्याचा कोटा शिल्लक आहे का, हे महावितरणच्या उपविभागात विचारून घ्यावे.

बौद्ध कुटुंबांसाठी एक सूचना. नवबौद्धांना राज्यात १९६० पासून आणि केंद्रात १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. तेव्हा जातीच्या दाखल्यावरून कोणी अडवले तर तोंडी वाद न घालता कारण लेखी मागावे.

प्रत्यक्षात अर्ज अडतात ते बहुतेक वेगळ्याच गोष्टींवर. वीजजोडणी वारलेल्या आजोबांच्या नावावर असते, घर नमुना आठवर आईच्या नावावर आणि बँक खाते मुलाचे. जुनी थकबाकी असते. या तीन गोष्टी आधी दुरुस्त कराव्या लागतात. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लावून मीटरचे नाव बदलता येते. ज्यांच्याकडे जोडणीच नाही, त्यांच्यासाठी महावितरणने १४ एप्रिल २०२१ पासून ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना’ राबवली होती. तीत अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना ५०० रुपये अनामतीवर जोडणी मिळाली आणि ती अनामतही पाच हप्त्यांत भरायची सोय होती. पुढेही अशा योजना येतात आणि मुदत संपून जातात. वस्तीत कोणाची जोडणी राहिली आहे याची यादी तयार असली, तर मुदतीत अर्ज होतात.

दीपनगर परिसरातल्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे हवेतून राख येते आणि पॅनेलवर थर बसला की वीज घटते. आठवड्यातून एकदा सकाळी थंड असताना पाण्याने पुसून घेतले की पुरते.

ज्यांना छतच नाही त्यांचे काय? विहार, समाजमंदिर किंवा शाळेच्या छतावर सामाईक प्रकल्प बसवून त्याची युनिटे पन्नास घरांच्या बिलात वाटणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. दिल्लीच्या आयोगाने अशी पद्धत २०१९ मध्येच आणली. पीएम सूर्यघर योजनेतही वितरण कंपनीने पुढाकार घेऊन अनेक घरांसाठी एकत्र प्रकल्प उभारण्याची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यांत ती गरीब वस्त्यांसाठी वापरा, ही मागणी आजवर आपल्या मोर्चांच्या निवेदनांत क्वचितच दिसली. आमच्या मते ‘मोफत पॅनेल द्या’ या मागणीपेक्षा ही जास्त महत्त्वाची आहे.

सातबारा नाही, तर पंपाची सबसिडीही नाही

छताचे जसे, तसेच जमिनीचे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल सरकार भरते. सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपये. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे. ज्या बौद्ध कुटुंबाकडे विहीर आणि सातबारा आहे त्याने हा लाभ जरूर घ्यावा. पण यावल-रावेरच्या पट्ट्यात दुसऱ्याच्या केळीला पाणी देणाऱ्या आपल्या मजुराला यात काहीच नाही. त्याला वीज लागते ती घरात, आणि घरातल्या विजेचे बिल तो पूर्ण भरतो.

याहून गंभीर गोष्ट गायरानाची आहे. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ एप्रिल २०२३ मध्ये आली. उपकेंद्रांजवळ पाच-दहा किलोमीटरच्या परिसरात सौर प्रकल्प उभारून शेतीची वाहिनी दिवसा चालवायची, हा हेतू चांगला आहे. खासगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. सरकारी जमीन मात्र नाममात्र एक रुपया भाड्याने दिली जाते. साहजिकच प्रकल्पांचे लक्ष आधी सरकारी जमिनीकडे, म्हणजे बऱ्याच गावांत गायरानाकडे जाते.

आणि गायरान कोण कसते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात खान्देशातली माणसे तुरुंगात गेली. १९६४ मध्ये तो देशभर झाला. त्या लढ्यांमुळेच पुढे शासनाला गायरानावरील कसणुकीचा निर्णय घ्यावा लागला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तरी अनेकांच्या नावावर सातबारा झालाच नाही. आज सौर प्रकल्पासाठी मोजणी आली की अशा कुटुंबाला ‘अतिक्रमणधारक’ म्हणून उठवले जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल त्यासाठी पुढे केला जातो. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनीचा अपवाद नोंदलेला आहे, हे वाक्य कार्यकर्त्यांनी तोंडपाठ ठेवावे. गाव नमुना १-ई या अतिक्रमण नोंदवहीत आपले नाव आहे का, जुन्या दंडाच्या पावत्या आहेत का, हे मोजणी येण्याआधी शोधावे. मोजणी झाल्यावर ती धावपळ फार उपयोगी पडत नाही.

धुळे जिल्ह्याने ऊर्जा प्रकल्पांची अशी किंमत आधीही मोजली आहे. साक्रीच्या पवनचक्क्यांच्या वेळी वनजमीन कसणाऱ्या आदिवासींनी आपल्या हक्कासाठी संघर्ष केला. दोंडाईचा परिसरातल्या वीज प्रकल्पासाठी विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन गेली. योग्य मोबदल्यासाठी फेऱ्या मारून थकलेल्या ८४ वर्षांच्या या शेतकऱ्याने २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याकडे निदान सातबारा होता. गायरान कसणाऱ्याकडे तोही नाही.

बाबासाहेब आणि वीज

हा विषय आपल्या चळवळीचा नाही असे वाटणाऱ्या मित्रांसाठी एक आठवण. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्याकडे मजुरांसोबत पाटबंधारे आणि वीजही होती. २५ ऑक्टोबर १९४३ ला वीजपुरवठ्याच्या धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी मूळ प्रश्नच विचारला : वीज खासगी मालकीची असावी की सरकारच्या? त्यांची मांडणी अशी होती की दारिद्र्यातून सुटायचे तर औद्योगिकीकरण हवे आणि त्यासाठी वीज स्वस्त आणि मुबलक हवी. त्यांच्याच काळात केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. दामोदर खोरे प्रकल्पाची पायाभरणीही त्याच काळातली. आपण १४ एप्रिलला मिरवणुकीसाठी जनरेटर लावतो, पण विजेच्या दराच्या सुनावणीला आपल्यातले किती जण जातात?

कुठे काय मांडायचे

महावितरण दरवाढीचा प्रस्ताव आणते तेव्हा आयोग लोकांच्या हरकती मागवतो. हरकत मराठीत आणि साध्या कागदावर देता येते. तीत ‘दरवाढ रद्द करा’ एवढेच लिहिले तर ती यादीत जमा होते. नेमके मुद्दे लिहावेत : १०० युनिटांच्या आतल्या घरांवर सौर अनुदानामुळे येणारी तूट टाकू नये, ती सरकारने अनुदान म्हणून भरावी, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत पहिल्या टप्प्याची मर्यादा खान्देश-विदर्भासारख्या उष्ण भागांत वाढवावी, भाडेकरूंच्या वस्तीसाठी सामाईक सौर प्रकल्प द्यावा. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम आगाऊ भरावी लागते. या कलमाचा उल्लेख हरकतीत करावा.

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला दोन्ही जिल्ह्यांतून माणसे येतात. पुस्तकांच्या दुकानांशेजारी एक टेबल टाकून बिल तपासणे, नावात बदलाचे अर्ज भरणे आणि ‘स्मार्ट’ची नोंदणी करणे एका दिवसात पुष्कळ होऊ शकते. येणाऱ्यांनी मागच्या बारा महिन्यांची बिले, नमुना आठ, आधार, बँक पासबुक आणि जातीचा दाखला सोबत आणावा, असा निरोप आधीच फिरवावा लागेल.

चुकीच्या बिलाची तक्रार आधी उपविभागात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटीस न देता तोडली असेल तर तारीख लिहून ठेवावी. उपविभागात आणि ग्राहक तक्रार कक्षात दाद मिळाली नाही, तर परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. जळगाव परिमंडळात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. तिथे वकील लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते.